काळी पडलेली अंडी

संपादकांचे पत्र हाती पडले तेव्हा आषाढ सरत आला होता. आपल्या शेजारी नांदणाऱ्या, परंतु सहसा दृष्टीस न पडणाऱ्या एखाद्या जीवाविषयी प्रत्यक्ष जाऊन, पाहून लिहावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आणि ते पत्र वाचीत असतानाच, मागल्या वर्षी ज्याच्या बुंध्याशी लाकडाच्या भुशाची एक लहानशी रास मी पाहिली होती, ते दौलताबादच्या वाटेवरील एका मळ्यातले आंब्याचे झाड मला आठवले. तेथूनच आरंभ करावा असे मनाशी ठरवून श्रावणातल्या पहिल्या उघडिपीत मी छत्रपती संभाजीनगरातून निघालो.

भुशाची रास

झाड उभे होते, पण त्याची पूर्वेकडील थोरली फांदी निष्पर्ण झाली होती आणि बुंध्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, करंगळी जाईल एवढ्या भोकातून ओलसर भुसा बाहेर येत होता. मळ्याचे मालक, साठी उलटलेले गृहस्थ, हातात सायकलच्या चाकाची वाकवलेली तार घेऊन त्या भोकाशी बसले होते. तार आत सरकवायची, हाताला मऊ लागले की फिरवून ओढायची, काही निघाले तर ठीक, न निघाले तर औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबून वरून चिखलाने लिंपून टाकायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. ‘‘भिरूड आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आत कुठवर गेलंय ते झाडालाच ठाऊक.’’

भिरूड म्हणजे लांब मिशांचा, राखी अंगावर ठिपके वागवणारा भुंगेरा. पावसाळ्याच्या तोंडाशी तो लाकडातून बाहेर पडतो. मादी सालीला दातांनी चीर पाडून तीत अंडे घालते. आणि त्या अंड्यातून निघालेली पांढरी, पायांवाचून सरपटणारी अळी सालीखालून लाकडात शिरून, महिनोन्‌महिने झाडाचा रसमार्ग पोखरीत राहते. या काळात तिला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि मनुष्याने पानांवर मारलेले विषही लागत नाही. लाकडात राहणाऱ्या शत्रूचे सारे सामर्थ्य त्याच्या या पडदानशीनपणात आहे.

असाच, पण आकाराने याच्याहून पुष्कळ लहान, पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक भुंगेरा २००२ साली अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या परिसरात प्रथम ओळखला गेला. त्याचा मायदेश चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो समुद्रापार आला असावा असे मानतात. तेथील ॲश नावाचे वृक्ष (हा वृक्ष आपल्या जाई-मोगऱ्याच्या कुळातला) या पाहुण्याशी कधीच परिचित नसल्याने त्याच्यापुढे हतबल ठरले आणि कोट्यवधी झाडे उभ्याउभ्या वाळली. रस्त्यारस्त्यावरची झाडे तोडून, जाळून, लाकडाच्या वाहतुकीवर बंदी घालूनही जेव्हा काही निष्पन्न होईना, तेव्हा शास्त्रज्ञ त्या किड्याच्या मायदेशी गेले आणि तिथे त्याला आवरून धरणारे कोण आहे याचा त्यांनी शोध घेतला. तो शोध त्यांना चिमुकल्या गांधीलमाश्यांपाशी घेऊन गेला. एक जात भुंगेऱ्याच्या अंड्यात आपले अंडे घालते, इतर जाती सालीवरून चालत, आतल्या अळीचा माग काढीत, नेमक्या जागी सुईसारखी नळी सालीतून खुपसतात. २००७ पासून त्या तेथील जंगलांत सोडल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्या पैदाशीसाठी मिशिगन राज्यातील ब्रायटन येथे एक स्वतंत्र प्रयोगशाळाच उभी राहिली.

या पैदाशीची रीत मोठी विलक्षण आहे. गांधीलमाशी वाढवायची तर आधी भुंगेरा वाढवावा लागतो, आणि भुंगेरा वाढवायचा तर ॲशचे ताजे लाकूड लागते. लाकडाच्या हातभर ओंडक्यांत अळ्या वाढवून त्यांवर माश्या सोडतात, आणि आत परजीवी धरलेले तेच ओंडके रानात नेऊन झाडांना टांगतात. यथावकाश त्यांतून माश्या बाहेर पडून आपापल्या वाटेने निघून जातात. यातही एक सूक्ष्म अडचण पुढे आली. पहिल्याने सोडलेल्या एका जातीची नळी आखूड असल्याने तरण्या झाडांच्या पातळ सालीतूनच ती आत पोचे, थोराड झाडांची जाड साल तिला भेदता येत नसे. म्हणून पुढे रशियाच्या पूर्वेकडून लांब नळीची दुसरी जात आणावी लागली. केसभर लांबीच्या फरकावर एखाद्या अरण्याचे भवितव्य अवलंबून असावे, हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आमच्या आंब्याच्या भिरुडासाठी अशी तयार माशी अद्याप बाजारात मिळत नाही. मळ्याच्या मालकांना तारच हाती धरावी लागते. परंतु दाराआड राहणारे शत्रू काही आंब्यापुरते नाहीत. या जिल्ह्याचा जीव ज्या दोन पिकांवर आहे, त्या कपाशी आणि मक्यातही ते आहेत. आणि त्यांच्याविरुद्ध मात्र गांधीलमाश्यांची पैदास आपल्याकडे होते.

डोमकळी

कपाशीच्या शेतात श्रावण-भाद्रपदाच्या संधीला एखादे फूल नीट उमलत नाही. त्याच्या पाकळ्या आतून धाग्यांनी बांधल्यासारख्या मिटून राहतात आणि ते अर्धवट वळलेल्या गुलाबकळीसारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. ती उकलली की आत गुलाबी बोंडअळी, जुन्या लोकांच्या तोंडी शेंदरी बोंडअळी, सापडते. पुढील पिढी बोंडात शिरते. अंड्यातून निघाल्यापासून थोड्याच वेळात ती बोंड पोखरून आत जाते, तिच्यामागे ते सूक्ष्म छिद्र बुजून येते आणि बाहेरून बोंड हिरवेगार, निरोगी दिसत राहते. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपण बंद दारावर पाणी मारीत आहोत हे वेचणीपर्यंत कळत नाही.

२००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये तिचे दोन जनुकांचे वाण आले, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असे पुष्कळांस वाटले होते. परंतु गुलाबी बोंडअळीने त्या वाणांतल्या विषाशी जुळवून घेतले, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशी तिने जी पोखरली त्याची आठवण मराठवाड्यात आजही ताजी आहे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. अळी बोंडात सुरक्षित राहिली आणि माणूस बांधावर कोसळला, हे त्या वर्षाचे सत्य मला कधी विसरता आलेले नाही. या लेखाच्या मुळाशी तीच वेदना आहे.

मक्याची गोष्ट याहून अलीकडची. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळली आणि पाहता पाहता महाराष्ट्रात आली. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या मक्याच्या तालुक्यांत ती पोंग्यात बसते आणि आपल्याच विष्ठेच्या भुशाने वरचे तोंड बुजवून घेते. आंब्याच्या बुंध्याशी पाहिला तसलाच भुसा मला मक्याच्या पोंग्यात दिसला, तेव्हा या साऱ्यांचे एकच घराणे असल्यासारखे वाटले.

दाराआड गेलेल्या शत्रूला गाठता येत नसेल, तर तो दाराआड जाण्यापूर्वी, म्हणजे अंड्यातच असताना, त्याला गाठावे, असा विचार गांधीलमाश्या पाळण्याच्या विद्येमागे आहे.

भ्रमर-कीटक न्याय

आपल्या परंपरेत भ्रमर-कीटक न्याय नावाचा एक दृष्टान्त आहे. भ्रमर एखादा कीटक धरून आपल्या मातीच्या घरात कोंडतो. भीतीने तो कीटक अहोरात्र भ्रमराचेच चिंतन करतो, आणि अखेर स्वतः भ्रमर होऊन बाहेर पडतो, अशी समजूत. ध्यानाने ध्याता ध्येयरूप होतो हे समजावण्यासाठी वेदान्त्यांनी तिचा उपयोग केला. मला या दृष्टान्ताचे आश्चर्य वाटते ते निराळ्या कारणाने. ज्या कोणी तो प्रथम रचला, त्याने घराच्या आढ्याला कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घरटे फोडून पाहिले असले पाहिजे. आत कोंडलेली अळी आणि काही दिवसांनी तिथूनच बाहेर पडणारी गांधीलमाशी, दोन्ही त्याने डोळ्यांनी पाहिली असली पाहिजेत. निरीक्षण खरे होते. मधली पायरी तेवढी त्याला दिसली नाही: माशीने अळीपाशी अंडे घातलेले असते, आणि त्यातून निघालेले पिल्लू अळीला खाऊन मोठे होते.

परोपजीवी म्हटले की आपल्याला गोचीड आठवते, परंतु गोचीड जनावराचे रक्त पिते आणि जनावराला जगू देते, कारण तिला पुन्हा प्यायचे असते. या माश्यांचे तसे नाही. यांचे पिल्लू ज्याच्या देहात वाढते त्याला संपवूनच बाहेर येते. ट्रायकोग्रामा हा त्यांतला शेतकऱ्यांच्या सर्वांत परिचयाचा वंश. पूर्ण वाढलेली माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. कागदावर तिला ठेवले तर छपाईतला पूर्णविराम चालू लागल्याचा भास होतो. पंखांवर केसांच्या रेघा असतात, त्यावरूनच तिचे हे ग्रीक नाव पडले. ती मनुष्यास चावत नाही, पिकास शिवत नाही, आणि तिचे सारे आयुष्य पतंगांच्या अंड्यांभोवती फिरते.

ज्वारीच्या भरड्यात

शहरातल्या एका प्रयोगशाळेत ही पैदास मी दोन दिवस बसून पाहिली. पहिल्या खोलीचे दार उघडताच नाकात शिरतो तो दळणाच्या गिरणीचा वास. कारण आरंभ धान्यापासूनच होतो. ट्रायकोग्रामा वाढवायची तर तिला पतंगांची ताजी अंडी हवीत, आणि बोंडअळीचे पतंग बारमाही पाळणे अवघड. म्हणून तांदळाचा पतंग म्हणून ओळखला जाणारा, धान्याच्या कोठीत घर करणारा एक सामान्य पतंग त्यांच्या जागी पाळतात. पसरट पेट्यांत प्रत्येकी सुमारे अडीच किलो भरडलेली ज्वारी, त्यात शेंगदाण्याचा कूट, किंचित यीस्ट आणि कोळ्यांचा उपद्रव होऊ नये म्हणून चिमूटभर गंधक. वर पतंगांची अंडी पेरायची आणि झाकून ठेवायचे. पाच-सहा आठवड्यांनी भरड्यातून जाळी विणणाऱ्या अळ्यांचे पतंग होऊन झाकणाच्या आतल्या अंगास बसू लागतात.

तिथे काम करणाऱ्या ताईंनी तोंडाला दुहेरी फडके बांधले होते. पतंगांच्या पंखांवरचे खवले हवेत इतके उडतात की वर्षानुवर्षे ते श्वासातून आत गेले तर दमा जडतो. हे काम स्वस्त आणि सोपे मानणाऱ्यांनी ती गोष्ट ध्यानात ठेवावी. पतंग नळीने ओढून जाळीच्या तळाच्या डब्यांत भरतात, मधाच्या पाण्यावर चार दिवस जगवतात, आणि ते जी अंडी घालतात ती जाळीतून खालच्या कागदावर मोत्यांच्या चुऱ्यासारखी गळतात. चाळून, खवले झटकून उरलेली अंडी एका मापात भरली तर एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे वीस हजार मावतात. ‘‘एवढ्याशा टोपणात अख्खं गाव आहे,’’ असे ताई म्हणाल्या, तेव्हा त्या टोपणाकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली.

यानंतर ती अंडी अतिनील प्रकाशाखाली ठेवतात. आतला गर्भ मरतो, परंतु अंड्याचे सत्त्व कायम राहते. हे केले नाही तर एखादी अळी आधी फुटून शेजारची सारी अंडी खाऊन टाकील. मग डिंक लावलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर त्यांचा पातळ थर चिकटवून, आधीच परजीवी धरलेल्या कार्डाचा एक तुकडा आणि ही ताजी कार्डे एका पिशवीत बंद करतात. हेच शेतकऱ्यांचे ट्रायकोकार्ड.

दारावरची बारीक जाळी आणि तिच्यापाशीची करडी शिस्त पाहून मी कारण विचारले. उत्तराने मी चकित झालो. याच खोलीवर टपून बसलेली गांधीलमाशीची दुसरी एक जात आहे, ब्रॅकॉन नावाची. ती भरड्यातील अळ्यांनाच दंश करून लुळे करते आणि त्यांच्यावर अंडी घालते. ती एकदा आत शिरली तर सगळ्या पेट्या आठवड्यांत रिकाम्या होतात. शेतात जी मित्र, ती इथे चोर; मित्र आणि शत्रू हे शब्द जागेवर ठरतात.

भिंगाखाली

दुसऱ्या दिवशी मला भिंगाखाली एक मादी दाखवण्यात आली. ती अंड्यावर चढली, मिशांनी त्याचा पृष्ठभाग टकटक वाजवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, वळली, पुन्हा चालली. ही तिची मोजणी असते. अंडे केवढे आहे ते ती आपल्या चालीने मापते आणि आत किती पिल्ले पोसली जातील ते त्यावरून ठरवते. मग ती थबकली, पोट वाकवले, आणि डोळ्यांना जेमतेम जाणवणारी नळी अंड्यावर टेकून स्थिर राहिली. त्या स्थिरतेत ती आणखी एक निवड करीत असते. फलित अंडे घातले तर कन्या होते, अफलित घातले तर पुत्र. आणि कोणते घालायचे ते तिच्या स्वाधीन असते.

तीन-चार दिवसांत ते मोत्यासारखे अंडे काळे पडते, कारण आत वाढणारे पिल्लू कवचाला आतून काळ्या कणांचे अस्तर लावते. प्रयोगशाळेतील सारे काम या एका रंगावर चालते: कार्ड काळे झाले म्हणजे साधले, पांढरे वा पिवळट राहिले म्हणजे फसले. सात-आठ दिवसांनी काळ्या कवचाला गोल छिद्र पाडून नवी माशी बाहेर येते. बहुधा नर आधी निघतात आणि बहिणींची वाट पाहत कार्डावरच घोटाळतात.

मुदत

परंतु खरी कसोटी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर सुरू होते. काळे पडलेले कार्ड ही जिवंत वस्तू असून तिला मुदत असते. शीतपेटीत दहा अंशांच्या आसपास ती दोन-तीन आठवडे थोपवता येते. बाहेर काढल्यावर तिचे घड्याळ पुन्हा चालू लागते. उन्हाळ्यात या शहराचा पारा चाळिसाच्या वर जातो, आणि पैदाशीच्या खोलीत तर तो पंचवीस-सव्वीसच्या आसपास राखावा लागतो. वीज गेली की ताईंचा जीव वर-खाली होतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मित्रकीटकांवर दीर्घकाळ काम चाललेले आहे, राष्ट्रीय पातळीवर बंगळूरची संस्था शुद्ध वाण सांभाळते, कृषी खात्याच्या प्रयोगशाळा आहेत, खाजगी उत्पादकही आहेत. विद्या कमी नाही. कमी पडते ती वेळ साधणारी व्यवस्था.

फुलंब्रीकडच्या एका शेतकऱ्याने मला आपला अनुभव सांगितला. त्यांनी मागणीपत्र भरले, मंजुरी यायला दिवस गेले, वाटपाची तारीख ठरायला आणखी काही, आणि पाकीट हाती आले तेव्हा आतल्या अंड्यांना छिद्रे पडून माश्या कागदातच मरून पडल्या होत्या. ‘‘दूध नासलं तर वासाने कळतं, याचं काहीच कळत नाही. मी ते तसंच टाचलं आणि पुढल्या महिन्यात म्हणालो, या कार्डात काही राम नाही.’’ खत, बियाणे, पाइप यांच्यासाठी बसवलेली तरतूद-मंजुरी-वाटपाची जुनी चौकट जशीच्या तशी या जिवाला लावली, हा त्यातला दोष. माझे मत असे की ट्रायकोकार्डाची व्यवस्था दूधसंघासारखी असावी: गावोगाव संकलन-वाटपाची जागा, रोजची नोंद, आणि तालुक्यात निदान एक पैदासखोली, जी बचतगटांच्या स्त्रियांना चालवता येईल. ज्वारी गावात आहे, हात गावात आहेत. हवी ती दाराची जाळी, शीतपेटी आणि विजेची शाश्वती.

दुसरीही एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. सर्व अंड्यांना एकच माशी चालत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाच्या नात्यातली, ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री नावाची जात एकरी साठ हजार, म्हणजे सुमारे तीन कार्डे, अशी शिफारस आहे. लष्करी अळीचा पतंग मात्र आपली अंडी पुंजक्याने घालून त्यांवर अंगचे केस पांघरतो. त्या पांघरुणातून शिरणे ट्रायकोग्रामाला जड जाते, आणि तिथे टेलेनोमस ही थोडी दणकट माशी सरस ठरते. डेट्रॉईटच्या जाड सालीची आणि आखूड नळीची कथाच इथे मक्याच्या पानावर पुन्हा घडते. ‘मित्रकिडीचे कार्ड’ एवढेच म्हणून हाती येईल ते टाचणाऱ्यास फळ मिळत नाही ते यामुळे.

काही माश्या एकदा सोडल्या की पुरतात. २००८ साली कोइम्बतूर येथे आढळलेला आणि मग महाराष्ट्रातल्या पपईच्या बागाही पांढऱ्या करून टाकणारा पिठ्या ढेकूण, २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या इवल्या माश्यांनी असा आवरला की त्या पुढे स्वतःच पसरत राहिल्या. कार्डावरच्या माश्यांचे तसे नाही. त्या पेरणीसारख्या दर हंगामी, आणि हंगामातही आठवड्याच्या अंतराने पुनःपुन्हा सोडाव्या लागतात.

संध्याकाळ

परतीच्या आधी मी त्याच फुलंब्रीच्या शेतकऱ्याच्या कपाशीत गेलो. यंदा त्यांनी कार्ड स्वतः जाऊन आणले होते, ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून. कामगंध सापळ्यात पतंग पडू लागल्याचे त्यांच्या मुलाने वहीत लिहून ठेवले होते आणि त्या नोंदीबरहुकूम दिवस ठरला होता. ऊन कलल्यावर पती-पत्नी दोघे तासांतून निघाले. कार्डाच्या पट्ट्या कापून, सारख्या अंतरावर, पानाच्या खालच्या अंगाला, मुंग्या चढणार नाहीत आणि पावसाचा थेंब लागणार नाही अशा बेताने टाचण्या मारीत चालले. माशी फार दूर उडत नाही, म्हणून एका कोपऱ्यात सगळे कार्ड लावून भागत नाही. मी एक पट्टी हातात घेऊन भिंगातून पाहिली. काळ्या कणांमध्ये एक कण हालत होता.

शेवटच्या ओळीला ते थांबले आणि बांधापलीकडे बोट केले. तिथे शेजाऱ्याचा फवारणीचा पंप उभा होता. वारा इकडचा असला तर सकाळपर्यंत या साऱ्या माश्या मरतील, म्हणून ते त्या रात्री जेवण झाल्यावर शेजाऱ्याच्या घरी गेले. आणि आठ दिवस थांबण्याचे शेजाऱ्याने कबूल केले.

वाचकांपैकी ज्यांची शेते आहेत त्यांना इतकेच विनवायचे आहे. कार्ड घेताना त्यावरची तारीख वाचा. अंडी काळी आहेत आणि त्यांना छिद्रे पडलेली नाहीत हे उजेडात धरून पाहा. पीक कोणते आणि अळी कोणती ते सांगून त्याच जातीची माशी मागा. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीआधी टाचा. आठवडाभर पंप कोठीत ठेवा. आणि आपल्या बांधाला ज्यांचे बांध लागून आहेत, त्यांच्याकडे आदल्या दिवशी स्वतः जाऊन या.